मुक्त प्रणालीची राखण कोण करणार?

14 ऑक्टोबर 2025 रोजी ‘विंडोज 10’ची नियमित मोफत सुरक्षा अद्यतने थांबली आणि नव्या आवृत्तीच्या अटी न पेलणारे असंख्य चालू संगणक एकाएकी ‘जुने’ ठरले. बेळगाव-निपाणी पट्ट्यातील मराठी शाळा, वाचनालये, छोट्या पतसंस्था अशा तुटपुंज्या निधीवर चालणाऱ्या संस्थांसमोर आता लिनक्सचा पर्याय आहे. प्रणाली विनामूल्य मिळते. तिची देखभाल मात्र कोणाला तरी करावीच लागते.

1993 मध्ये इयान मर्डॉक यांनी सुरू केलेली ‘डेबियन’ ही समुदायाने घडवलेली प्रणाली; सी-डॅकची ‘बॉस’ प्रणालीही तिच्यावरच आधारलेली आहे. डेबियनच्या प्रत्येक स्थिर आवृत्तीला साधारण तीन वर्षे पूर्ण आणि त्यापुढे दोन वर्षे मर्यादित सुरक्षा पाठबळ मिळते. अद्यतने डिजिटल स्वाक्षरी तपासूनच संगणकात उतरतात. पण पाच वर्षांनंतर आवृत्ती न बदलणाऱ्या संस्थेला ही तटबंदी उपयोगाची नाही.

तटबंदीला आतून खिंडार कसे पडते, हे मार्च 2024 मध्ये दिसले. ‘एक्सझेड’ या संक्षेपन साधनाची जबाबदारी प्रामुख्याने एकाच थकलेल्या स्वयंसेवकावर होती. ‘जिया टॅन’ या नावाने वावरणाऱ्या व्यक्तीने सुमारे दोन वर्षे मदत करून विश्वास संपादन केला आणि 5.6.0 व 5.6.1 या आवृत्त्यांत चोरवाट पेरली. डेबियनसह काही वितरणांनी दूरस्थ प्रवेशाच्या कार्यक्रमात स्वतःहून केलेल्या एका जोडणीमुळे ती वाट थेट सर्व्हरच्या दारापर्यंत पोहोचत होती. प्रवेशाला अर्धा सेकंद जास्त लागतो, एवढ्या संशयावरून आंद्रेस फ्रॉइंड या अभियंत्याने 29 मार्चला ती उघडकीस आणली. डेबियनची स्थिर आवृत्ती मात्र बचावली. नवे काही आधी चाचणी शाखांत मुरू द्यायचे, ही तिची संथ शिस्त कामी आली.

या घटनेतून निघणारा निष्कर्ष असा की, संहिता सर्वांसाठी खुली असणे पुरेसे नाही; ती वाचणारे डोळेही हवेत. सीमाभागात असे डोळे तयार होऊ शकतात. विश्वेश्वरय्या तंत्रज्ञान विद्यापीठाचे मुख्यालय बेळगावात आहे आणि शहरात अभियांत्रिकी महाविद्यालयांची परंपरा आहे. विद्यार्थ्यांच्या प्रकल्पांपैकी काही जरी दोष नोंदवणे, चाचणी घेणे आणि जवळच्या शाळांचे संगणक अद्ययावत ठेवणे यांकडे वळले, तर शिक्षण आणि सेवा दोन्ही साधतील.

प्रश्न भाषेचाही आहे. कर्नाटकची राजभाषा कन्नड असल्याने संगणकावरील मराठीसाठी सीमाभागातील मराठी भाषकांनी शासनावर विसंबून राहण्यात अर्थ नाही. मुक्त प्रणालीत भाषांतर करायला कोणाची परवानगी लागत नाही. परंतु प्रत्येक नव्या आवृत्तीत नवी वाक्ये येतात. ती अनुवादित झाली नाहीत, तर पडद्यावर मराठीच्या मध्ये इंग्रजी डोकावू लागते.

शेजारच्या गोव्यातील संस्थांनाही हाच हिशेब लागू आहे. गोव्यात गावाला राखणदार असतो, अशी श्रद्धा आहे. संगणकाच्या गावाचा राखणदार मात्र गावकऱ्यांनाच व्हावे लागते. परवान्यावर वाचलेल्या पैशातला थोडा वाटा देखभालीसाठी राखून ठेवणे आणि अद्यतनांची जबाबदारी एका ठरावीक व्यक्तीवर सोपवणे, ही त्याची सुरुवात ठरेल.