पावसाचा खंड आणि मनाचा धीर

मृगाचा पाऊस बरा होतो, पेरणी साधते, पीक वीतभर वर येते आणि मग पाऊस जी दडी मारतो ती पंधरा-वीस दिवस. कोरडवाहू शेतकऱ्याच्या वाट्याला वारंवार येणारा हा काळ पिकाइतकीच त्याच्या मनाचीही कसोटी पाहतो. २०२३ सालचा ऑगस्ट हा देशात १९०१ पासूनच्या नोंदींतील सर्वांत कोरडा ऑगस्ट ठरला. अशा खंडात पिकाची पाहणी होते, पंचनामे होतात. शेतकऱ्याच्या मनाची विचारपूस करण्याचा प्रघात मात्र अद्याप पडलेला नाही.

गावात येणारा प्रत्येक जण 'धीर धरा' एवढे सांगून जातो. हा उपदेश खोटा नव्हे, पण तो अपुरा आहे. दुष्काळ पडला हे एकदा ठरून गेले म्हणजे माणूस कसाबसा त्याला तोंड देतो. १९७२ च्या दुष्काळात लक्षावधी माणसांनी खडी फोडली, माती वाहिली आणि ते वर्ष निभावून नेले. त्या अनुभवाने रोजगार हमीच्या योजनेस बळ मिळाले व १९७७ साली तिचा कायदा झाला. हाताला काम होते आणि शेजारीही त्याच कामावर होता. मनुष्यास पोखरते ते 'पडेल की नाही' हे टांगणीला लागलेले जिणे, आणि तेही एकट्याने सोसलेले.

पाऊस केव्हा येईल हे ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यास सांगता येत नाही. तसे सांगण्याचा मोहही त्याने धरू नये. एक भाकीत चुकले की त्याच्या दहा खऱ्या गोष्टींवरचा विश्वास उडतो. परंतु पाऊस न आल्यास कोणत्या तारखेस काय करावयाचे, हे ठरविता येते. आज कोळपणी करावी; भेगा बुजून ओल टिकते, म्हणूनच जुनी माणसे कोळपणीस अर्ध्या पाण्याची किंमत देतात. पीक हातचे गेलेच आणि जुलैचा पहिला पंधरवडा उलटला, तर मूग-उडदाचा नाद सोडून बाजरी, तूर, सूर्यफूल, एरंडी यांचा विचार करावा. ती तारीख भिंतीवरच्या दिनदर्शिकेत खूण करून ठेवावी. दिवस ठरलेला असला म्हणजे काळजी महिनाभर घरभर फिरत नाही. पहिल्या शिंतोड्याबरोबर उसनवारीचे बी आणून दुबार पेरणी करण्याची घाई बहुधा तो दिवस न ठरविलेल्या माणसाच्या हातून घडते.

दुसरी गोष्ट घरातील आहे. कर्त्या पुरुषाने कर्जाचा आकडा घरात सांगू नये, अशी एक समजूत आहे. ती टाकून देण्याजोगी आहे. खुरपणीच्या मजुरीपासून किराण्याच्या उधारीपर्यंत सारा हिशेब जिच्या बोटांवर असतो, त्या घरधनिणीस संकट कळत नाही असे मानणे हा निव्वळ भ्रम होय. आकडा दोघांत आला की सोसायटीकडे मुदत मागण्यास जावे की शेळ्या विकाव्या, याचा विचार तरी होतो.

कार्यकर्त्याने जीवनमानातील लहान खुणा ओळखाव्यात. रोज पारावर येणारा येईनासा होतो. जेवणावरची वासना उडते. बैलांना हाक मारीत नाही. 'आता सगळे मिटलेच' असे बोलून जातो. अशा माणसापुढे योजनांची पत्रके ठेवू नयेत. बांधावर बसावे आणि 'आप्पा, झोप लागते का?' एवढेच विचारावे. उत्तर उशिरा येते. तोवर गप्प राहावे. जगण्यात अर्थ नाही असे तो बोलला, तर जीव देण्याचा विचार मनात येतो का, हेही सरळ विचारावे. त्याने विचार वाढीस लागतो ही भीती निराधार आहे. त्यास एकटे सोडू नये, कीटकनाशके त्याच्या हाताबाहेर कुलपात ठेवण्यास घरच्यांना सांगावे आणि प्राथमिक आरोग्य केंद्रात सोबत जावे. २०२२ पासून चालू असलेल्या 'टेलि-मानस' सेवेचा १४४१६ हा विनामूल्य क्रमांक दिवसरात्र उपलब्ध आहे. तो नुसता लिहून न देता आपल्याच दूरध्वनीवरून लावून द्यावा.

आठवड्याच्या फेरीत ज्याचे शेत सडकेपासून सर्वांत दूर आहे, त्याच्याकडे प्रथम जावे. सडकेलगतच्या शेतकऱ्यास कोणी ना कोणी भेटतेच.