पाकिटावर ‘लिव्हरसाठी रामबाण’ नको



गुळवेलीच्या अर्काने प्रयोगशाळेत उंदरांच्या यकृताचं नुकसान कमी झालं, हे खरं. पण उंदीर म्हणजे माणूस नव्हे.

२०२१ मध्ये मुंबईच्या डॉक्टरांनी गुळवेल घेतलेल्या ६ रुग्णांच्या यकृताला इजा झाल्याचं नोंदवलं. आयुष मंत्रालयाने ते मानलं नाही. गुळवेलीसारखीच दिसणारी दुसरी वेल असू शकते, असं सांगितलं. त्या वेलीच्या खोडावर दाट गाठी असतात.

वाद कुणीही जिंको, चुकीची वेल गेली तर बोट आपल्याकडेच येणार.

म्हणून आमचं मत स्पष्ट आहे: रोग बरा करण्याचा दावा आपण करायचा नाही. वेल ओळखूनच तोडा, शंका आली तर आधी फोटो पाठवा. आणि घरात कुणाला कावीळ असेल तर काढ्याआधी डॉक्टर!