काठ्या विकणारा इंजिनिअर

मुलानं नोकरी सोडून धंदा करतो म्हटलं की आपल्या पोटात गोळा येतो. त्यातून धंदा कसला, तर काठ्या, वॉकर, व्हीलचेअर नि कमोडच्या खुर्च्यांचा! आमच्या शेजारच्या काकूंचं सध्या हेच चाललंय. मुलगा इंजिनिअर, त्याच्या मित्राची बहीण फिजिओथेरपिस्ट. दोघांना मिळून आमच्याच गावात दुकान टाकायचंय. भांडवलासाठी मुलाचा डोळा काकूंच्या पाटल्यांवर आहे. "देऊ का गं?" म्हणून त्या मला विचारत होत्या.

गिऱ्हाइकाला तोटा नाही, हे तर तुम्हा-आम्हाला दिसतंच. २०११ च्या जनगणनेतच देशात साठी ओलांडलेली माणसं दहा कोटींच्या वर होती. मुलं पुण्या-मुंबईला आणि मागे दोघंच, अशी घरं तुमच्या आळीत किती आहेत, मोजा बघू!

आणि या कामाला डोकं लागत नाही असं कोण म्हणतं? पाटण्याच्या शालिनी कुमारीनं शाळेत असताना पाहिलं, की आजोबांना वॉकर घेऊन जिना चढता येत नाही. वॉकरचे पाय लांब-आखूड करता आले तर तो पायरीवरही सरळ उभा राहील, असं तिला सुचलं. २०११ साली तिला नॅशनल इनोव्हेशन फाउंडेशनचं बक्षीस मिळालं आणि पुढे विस्को या मुंबईच्या कंपनीनं तो वॉकर बाजारात आणला. आयआयटी मद्रासमधल्या संशोधनातून २०२० साली 'निओफ्लाय' ही व्हीलचेअर निघाली, ती बसणाऱ्याच्या मापानं बनवतात. ब्लाउज आपण मापाचा शिवतो, मग जन्मभर बसायची खुर्ची बेमापाची का असावी?

पण खरी अडचण पुढेच आहे. या धंद्यात पैसे देतो मुलगा, वस्तू आणते सून, आणि वापरायची असते सासूबाईंना! त्यांना विचारतं कोण? म्हणून कितीतरी घरांत वॉकर दाराआड उभा असतो आणि त्यावर ओले टॉवेल वाळत असतात.

आमच्या सासूबाईंना डॉक्टरांनी काठी सांगितली, तेव्हा "काठी घेतली की लोक मला म्हातारी म्हणतील" म्हणून त्या अडून बसल्या. सहा महिने त्यांनी देऊळ सोडलं, पण काठी घेतली नाही. शेवटी त्या फिजिओथेरपिस्ट मुलीला मी घरी बोलावलं. तिनं वयाचं नावच काढलं नाही. "आजी, देवळाला पायऱ्या किती?" एवढंच विचारलं. मग रोजच्या चपला घालून त्यांना सरळ उभं केलं, हात सैल सोडायला लावले आणि मनगटाच्या घडीशी मूठ येईल इतकी काठी कमी केली. दुखऱ्या पायाच्या उलट हातात काठी धरायची, चढताना चांगला पाय आधी, उतरताना काठी नि दुखरा पाय आधी, हे दोनदा करवून घेतलं. पुढच्या एकादशीला सासूबाई देवळात! बायकांनी विचारलं तर सांगतात, "डॉक्टरीणबाईंनी पायऱ्यांपुरती दिलीय."

काकूंना मी म्हटलं, ही मुलगी दुकानात असेल तर दुकान चालेल. नुसता माल मांडून चालणार नाही. नेहमीची व्हीलचेअर पंचवीस-सव्वीस इंच रुंद असते, आणि आपल्याकडच्या न्हाणीघराचं दार कित्येकदा चोवीस इंचच असतं. विकण्याआधी टेप घेऊन घरी जाणारा दुकानदार मला तरी अजून भेटलेला नाही. तसंच, हाड मोडलेल्या माणसाला व्हीलचेअर बहुधा दोन-तीन महिनेच लागते. ती भाड्यानं द्यावी, चाक बिघडलं तर दुरुस्तही करून द्यावी. इंजिनिअर झाल्याचा उपयोग तो कधी करणार?

पाटल्या मात्र देऊ नका, असं मी स्पष्ट सांगितलं. आईच्या पाटल्या मोडून काढलेल्या दुकानात तोटा आला, तर मुलाला घरी सांगायचं धैर्य होत नाही, आणि मग तोटा वाढतच जातो. मुद्रा योजनेत तारण लागत नाही. 'शिशु' गटात पन्नास हजारांपर्यंत, 'किशोर' गटात पाच लाखांपर्यंत कर्ज मिळतं. दोन व्हीलचेअर, चार वॉकर, थोड्या काठ्या एवढ्यावर वर्षभर काम करून पाहावं. बँकेचा हप्ता फेडताना हिशेब आपोआप येतो!

गिऱ्हाईक म्हणून तुम्हालाही एक ठाऊक असावं. राज्य सरकारनं २०२४ साली मुख्यमंत्री वयोश्री योजना आणली. तीत पासष्ट वर्षांवरच्या, दोन लाखांच्या आत उत्पन्न असलेल्यांना अशा वस्तूंसाठी एकदाच तीन हजार रुपये थेट खात्यात देण्याची सोय केली. अर्ज सध्या घेतात का, हे समाजकल्याण कार्यालयात विचारून घ्या.

आणि घरात काठी असेलच, तर आज ती उलटी करून बघा. खालचं रबर झिजून गुळगुळीत झालं असेल तर ओल्या फरशीवर ती सटकते. नवं रबर औषधांच्या मोठ्या दुकानात मिळतं. जाताना काठी बरोबर न्या, म्हणजे मापाचं मिळेल.