दलालाच्या पूर्ववृत्ताचा उतारा जनतेस मिळावा

माननीय अध्यक्ष,
भारतीय प्रतिभूती आणि विनिमय मंडळ (सेबी), मुंबई यांस,



रांजणगावची औद्योगिक वसाहत वसली, पुणे-नगर हमरस्त्यालगतच्या जमिनींना भाव आला, आणि ज्या घरांत रोख रक्कम केवळ सुगीच्या दिवसांत दिसे, त्या आमच्या शिक्रापूर पंचक्रोशीतील घरांच्या उंबरठ्यावर आता शेअरदलालाचा माणूस येऊ लागला आहे. येथील शेतकरी अर्धा एकर रान घेतानाही सातबारा काढतो, जुने फेरफार चाळतो, बोजाची खातरजमा करतो. परंतु जमिनीचा मोबदला ज्याच्या सल्ल्याने गुंतवायचा, त्या मनुष्याने पूर्वी कोठे चाकरी केली, कोणती परीक्षा दिली, त्याच्याविरुद्ध कोणती तक्रार वा निवाडा आहे, हे एकत्र दाखविणारा उतारा त्यास कोठेही मिळत नाही.

नोंदणीकृत दलालांची आपली यादी सर्वांस खुली आहे, हे आम्ही कृतज्ञतेने मान्य करतो. तथापि सनद म्हणजे सचोटीची हमी नव्हे. ‘कार्व्ही’ ही पेढी रीतसर नोंदलेली होती. तरीही ग्राहकांच्या मुखत्यारपत्रांचा गैरवापर झाल्याचे आपल्याच नोव्हेंबर २०१९ च्या आदेशाने उघडकीस आले. शिवाय २०१८ साली उपदलालांचा वर्ग रद्द करण्याचे ठरल्यापासून गावोगाव हिंडते ती पेढीची ‘अधिकृत व्यक्ती’ असते. तिची नोंद शेअरबाजाराच्या दप्तरी, आणि आदेश आपल्या दप्तरी, अशी ही माहिती विखुरलेली राहते.

अमेरिकेत ‘फिनरा’ या नियामक संस्थेच्या ‘ब्रोकरचेक’ या व्यवस्थेत दलालाचे नाव घालताच त्याच्या नोकऱ्या, परीक्षा, परवाने, तक्रारी आणि शिक्षा कोणासही विनामूल्य पाहता येतात. तशीच नोंद आपण येथे सिद्ध करावी, ती मराठीतही असावी, आणि तीत पेढीइतकीच प्रत्यक्ष व्यवहार करणाऱ्या व्यक्तीचीही माहिती असावी, अशी आमची मागणी आहे. सिद्ध न झालेली तक्रार तशीच नमूद व्हावी आणि दलालाचे म्हणणेही तिच्याशेजारी छापले जावे. असे केल्यास निष्कलंक दलालास अशा नोंदीचे भय नाही, उलट तिच्यामुळे त्याची पत वाढेल.

१९९२ च्या सेबी अधिनियमाने गुंतवणूकदारांचे हितरक्षण हे आपले आद्य कर्तव्य ठरविले आहे. रक्कम बुडाल्यावर निघणारा आदेश अपराध्यास शासन करतो. रक्कम देण्यापूर्वी हाती पडलेला उतारा मात्र कुटुंबास वाचवितो. ते रक्षण आम्हांस वेळेवर लाभावे, ही विनंती.

आपला विनम्र,
शिक्रापूरचा एक रहिवासी