हिग्ज एकटाच आहे काय?

जिनिव्हाजवळच्या ‘सर्न’ प्रयोगशाळेने 4 जुलै 2012 रोजी हिग्ज बोसॉन सापडल्याची घोषणा केली आणि मूलकणांच्या प्रमाण सिद्धांतातील शेवटची रिकामी जागा भरली. मात्र त्याच क्षणी दुसरा प्रश्न उभा राहिला. द्रव्याचे मूलकण बारा आहेत. मग स्पिन शून्य असलेला, म्हणजेच अदिश, मूलकण एकच का असावा? हा प्रश्न आता केवळ सैद्धांतिक राहिलेला नाही. ‘सर्न’च्या प्रस्तावित 91 किलोमीटर परिघाच्या वेगवर्धकाचा अंदाजित खर्च सुमारे 15 अब्ज स्विस फ्रँक आहे आणि त्याच्या समर्थनाचा मोठा भाग याच प्रश्नावर उभा आहे.

अदिश कण एकच असावा, असे कोणतेही बंधन निसर्गावर नाही. प्रमाण सिद्धांतातील हिग्ज क्षेत्राला चार घटक असतात. त्यांपैकी तीन डब्ल्यू व झेड कणांना वस्तुमान देण्यात खर्ची पडतात. उरलेला एक 2012 मध्ये दिसला. टी. डी. ली यांनी 1973 मध्ये अशी दोन क्षेत्रे कल्पिली. तसे झाल्यास आठांतून तीन वजा जाऊन पाच कण उरतात आणि त्यांतील दोन विद्युतभारित असतात.

या विस्तारामागे ठोस कारण आहे. विश्वात प्रतिद्रव्य जवळपास नाहीसे होऊन द्रव्यच का उरले, याचे उत्तर प्रमाण सिद्धांत देत नाही. तापलेले विश्व थंड होताना हिग्ज क्षेत्र आजच्या स्थितीत आले. ते स्थित्यंतर उकळत्या पाण्यात बुडबुडे उठावेत तसे आकस्मिक झाले असते, तर द्रव्याचे पारडे जड होण्यास वाव होता. परंतु 125 अब्ज इलेक्ट्रॉनव्होल्ट वस्तुमानाचा एकटा हिग्ज असताना ते संथपणे घडते. जोडीला दुसरे अदिश क्षेत्र असेल, तर चित्र बदलू शकते. काही प्रारूपांत कृष्णद्रव्याचा कणही याच कुटुंबातून मिळतो.

पुराव्यांचा इतिहास मात्र सावध करणारा आहे. डिसेंबर 2015 मध्ये 750 अब्ज इलेक्ट्रॉनव्होल्टजवळ एक उंचवटा दिसला आणि त्यावर शेकडो शोधनिबंध लिहिले गेले. ऑगस्ट 2016 मध्ये अधिक नोंदी हाती येताच तो विरून गेला. अमेरिकेतील फर्मिलॅबच्या सीडीएफ गटाने 2022 मध्ये डब्ल्यू कणाचे वस्तुमान अपेक्षेहून अधिक असल्याचे जाहीर केले. 2024 मधील ‘सर्न’च्या सीएमएस गटाचे मोजमाप मात्र प्रमाण सिद्धांताशी जुळले. सध्या चर्चेत असलेला 95 अब्ज इलेक्ट्रॉनव्होल्टजवळचा संकेत सीएमएसच्या नोंदींत 2.9 सिग्मा इतका आहे, तर अ‍ॅटलास गटाच्या नोंदींत तो त्याहूनही क्षीण आहे. शोध म्हणण्यासाठी पाच सिग्मा लागतात.

म्हणूनच खरी कसोटी नव्या उंचवट्याची नव्हे, तर ज्ञात हिग्जच्या वर्तनाची आहे. हिग्ज स्वतःशीच किती तीव्रतेने अन्योन्यक्रिया करतो, हे विश्वातील त्या स्थित्यंतराशी थेट निगडित आहे. 2030 च्या सुमारास सुरू होणारा लार्ज हॅड्रॉन कोलायडरचा सुधारित टप्पा ही तीव्रता सुमारे 30 टक्के अचूकतेने मोजू शकेल, असा अंदाज आहे. नवा वेगवर्धक पहिल्या टप्प्यात दहा लाखांहून अधिक हिग्ज कण निर्माण करील आणि हिग्ज व झेड यांच्यातील जोडणी एक टक्क्याहूनही कमी त्रुटीने मोजील. तफावत आढळल्यास हिग्जला सोबती असल्याचा तो भक्कम संकेत ठरेल; न आढळल्यास अनेक प्रारूपे बाद होतील.

भारत 2017 पासून ‘सर्न’चा सहयोगी सदस्य आहे. सीएमएस शोधकाच्या उभारणीत मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेचा वाटा आहे. त्यामुळे 2028 च्या सुमारास अपेक्षित असलेल्या निर्णयाकडे भारताने तटस्थ प्रेक्षक म्हणून पाहणे योग्य नव्हे. नव्या कणाच्या आश्वासनावर निधी मागितला आणि कण मिळाला नाही, तर जनतेचा विश्वास जातो. अचूक मोजमापासाठी मागितलेला निधी मात्र दोन्ही परिस्थितींत सार्थकी लागतो. शास्त्रज्ञांनी हा फरक निर्णयापूर्वीच स्पष्टपणे मांडला पाहिजे.