मण्यांच्या मागावर करवती काठ

माघ पौर्णिमेला सालेकसा तालुक्यात कचारगडची यात्रा भरते. महाराष्ट्राबाहेरूनही गोंड समाज तिथे लोटतो. गोंदिया जिल्ह्यात मण्यांच्या पट्ट्या विणणाऱ्यांना यापेक्षा मोठी गर्दी घरबसल्या मिळणार नाही. पण त्या गर्दीसमोर आपण मांडणार काय? मोबाइलवरून उतरवलेले चौकटीतले बाण आणि गरुड? उत्तर अमेरिकेतल्या आदिवासींची ती नक्षी सुरेखच आहे. युरोपी व्यापाऱ्यांकडून आलेले काचेचे मणी त्यांनी आपलेसे केले, हे त्यांचे कर्तृत्व. आपण मात्र त्यांची नक्षी नुसती उचलतो.

नक्षी हवी असेल तर फार लांब जायला नको. १ मे १९९९ पर्यंत गोंदिया भंडारा जिल्ह्यातच होता, आणि भंडारा-नागपूरकडचे कोष्टी कोशाच्या साडीला करवती काठ विणत आले आहेत. ऐन-अर्जुनाच्या झाडांवर किडे पोसणारे ढिवर, त्या कोशाचे सूत आणि काठावर ओळीने उभे दात, असा हा सगळा मामला इथलाच. अंगाला एक धोटा, दोन काठांना दोन, असे तीन धोटे चालवत, काठाचे सूत आणि अंगाचा कोसा सांध्यावर एकमेकांत अडकवत कोष्टी तो दात काढतो. आपल्याकडे प्रत्येक मणी स्वतःचा रंग घेऊनच येतो, त्यामुळे सांधा अडकवण्याची भानगड नाही. एका सुईत काम होते.

मग अडते कुठे? मणी चौकोनी नसतो, तिथे. अकरा नंबरचा डेलिका, म्हणजे नळीसारखा मणी घ्या. जाडी साधारण १.६ मिमी, लांबी १.३ मिमी. मागावर तो आडवा बसतो, म्हणजे पट्टीच्या रुंदीत १.३ आणि लांबीत १.६ जागा खातो. चौकटीच्या वहीत काढलेला दात म्हणूनच विणल्यावर बसका दिसतो. काठाच्या रंगाचे मणी ओळीगणिक एकेकाने वाढवत पाचपर्यंत नेले आणि तसेच उतरवले, तर नऊ ओळी लागतात. पाया १४.४ मिमी, उंची जेमतेम ६.५. ही करवत लाकूड कापणार नाही! तेच १, ३, ५, ३, १ असे दोन-दोनने चढवले की पाया ८ मिमीवर येतो आणि दाताला धार येते. उभे धागे मण्यांच्या मधून जातात, त्यांच्या जाडीने रुंदी किंचित वाढते, तेव्हा बोटभर नमुना विणून पट्टीने मोजा आणि मगच आलेख पक्का करा. गोल मणी वापरत असाल तर हे गणित पुन्हा करावे लागेल. स्वस्त मालात मणी लहानमोठे निघतात, ते आधी निवडून काढले नाहीत तर दातांची ओळ वाकडी जाते.

उभे धागे मण्यांच्या संख्येपेक्षा एकाने जास्त, हे नव्यांना सांगतो. जुन्यांना एवढेच, की ताण्याला कोशाचे सूत लावण्याचा मोह टाळा. काचेच्या कडा ते कापतात. तिथे नायलॉनच बरे. कोसा हवाच असेल तर पट्टीच्या मागे अस्तर म्हणून लावा, शोभतो.

आता लेबलाचे. बस्तरच्या मुरिया गोंडांच्या घोटुलातल्या, म्हणजे युवागृहातल्या, मुलामुलींच्या दागिन्यांची नोंद व्हेरियर एल्विन यांनी १९४७ च्या ग्रंथात केली आहे. ती परंपरा वेगळी, तिचे अर्थ वेगळे. कचारगडला माल विकायचा म्हणून कोणत्याही पट्टीवर ‘अस्सल गोंडी’ असे छापू नका, घेणारा गोंड असेल तर तो हसेल आणि पुढे जाईल. ‘करवत काठी’ हे नावही भौगोलिक मानांकनात साड्या आणि कापडासाठी नोंदलेले आहे, मण्यांच्या पट्टीवर ते चालवू नये. ‘करवती काठावरून घेतलेली नक्षी’ एवढे लिहिले तरी गिऱ्हाइकाला कळते. जागा उरली तर खाली आपल्या गावाचे नाव टाका.