सायकल निघाली परदेशी

आपल्या नंदुरबार जिल्ह्यात मानव विकास कार्यक्रमातून शाळकरी मुलींना सायकली मिळाल्या. लांबची शाळा जवळ आली. पण हीच सायकल समुद्रापलीकडेही नेता येते, असे आम्ही घरात म्हणालो तेव्हा सारे हसले.

पुण्याच्या वेदांगी कुलकर्णी हिने २०१८ साली सायकलने जगप्रदक्षिणा पूर्ण केली. अंतर सुमारे २९ हजार किलोमीटर! समुद्र आडवा आला तिथे सायकलही तिच्याबरोबर विमानाने गेली.

उद्या आपली लेक शिक्षणासाठी वा स्पर्धेसाठी परदेशी निघाली आणि सायकल न्यायची म्हणाली, तर? तिकीट काढण्यापूर्वीच विमान कंपनीला विचारावे: सायकल घेता का, वजन किती चालेल, पैसे किती? प्रत्येक कंपनीचा नियम निराळा असतो. सायकलच्या दुकानातून रिकामा खोका मागून आणावा. पेडल काढावीत, डाव्या पेडलचे आटे उलटे असतात, हे ध्यानात ठेवावे. पुढचे चाक काढावे, हँडल वळवावे, हवा कमी करावी, दांड्यांना जुने कपडे गुंडाळावेत. पाने-पकडी हातातल्या पिशवीत ठेवू नयेत.

सामान सोपवण्यापूर्वी विमानतळावरील कस्टम अधिकाऱ्यांना सायकल दाखवून निर्यात प्रमाणपत्र जरूर घ्यावे. म्हणजे परतताना आपल्याच सायकलवर कर भरण्याचा प्रसंग येत नाही. त्यासाठी खोका तिथेच शेवटचा बंद करावा.

माहिती नसली की घरचेच आधी ‘नको’ म्हणतात. पालकांनो, लेकीला नकार देण्यापूर्वी एकदा चौकशी तरी करा, एवढीच आमची विनंती.